लिटरला एकशे साठ: शंभर ऑक्टेन पेट्रोल आणि माझी पोलो जीटी

पंपावरचा पोरगा नळी हातात घेऊन थांबला आणि म्हणाला, "साहेब, हे शंभरवालं आहे बरं का. लिटरला एकशे साठ. टाकू ना नक्की?" मी हो म्हणालो. त्यानं शेजारच्या माणसाकडे पाहिलं आणि त्या माणसानं माझ्या गाडीकडे. गाडी म्हणजे २०१५ ची पोलो जीटी टीएसआय. पांढरी, आणि मागच्या बंपरवर सोसायटीच्या खांबाची खूण. एकशे साठ रुपयांचं पेट्रोल पिणारी गाडी निदान लाल तरी असावी, असं दोघांनाही वाटलं असणार.

त्याला आता दोन वर्षं झाली. तेव्हापासून एक्सपी१०० (हे त्या शंभरवाल्याचं कंपनीनं ठेवलेलं नाव) मी चौदा वेळा भरलंय. पावत्या ग्लव्हबॉक्समध्ये आहेत. बायकोला त्या सापडल्या तेव्हा तिनं फक्त एकच हिशोब केला: पस्तीस लिटरमागे साध्या पेट्रोलपेक्षा जवळपास दोन हजार रुपये जास्त, म्हणजे घरचे दोन गॅस सिलिंडर. हा आकडा डोक्यात ठेवूनच पुढचं वाचा, मीही तो डोक्यात ठेवूनच लिहितोय.

आधी वस्तूबद्दल. इंडियन ऑइलनं हे पेट्रोल १ डिसेंबर २०२० ला दहा शहरांत आणलं, त्यात मुंबई आणि पुणे दोन्ही होती. मथुरेच्या रिफायनरीत, कंपनीच्या स्वतःच्या ऑक्टामॅक्स तंत्रानं ते बनतं. पुण्यात ते मिळणारे पंप हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच. मला सोयीचा पंप घरापासून अकरा किलोमीटरवर आहे, म्हणजे पेट्रोल भरायला जाण्यायेण्यातच दीड-दोन लिटर पेट्रोल जळतं. तिथल्या पोराला विचारलं, दिवसाला किती जातं? म्हणाला, "कधी काहीच नाही. रविवारी सकाळी सुपरबाइकवाले येतात. आणि एक बुलेटवाले काका." ८.५ कॉम्प्रेशनच्या, म्हणजे पेट्रोलवर फारसा दाब न देणाऱ्या जुन्या बुलेटला शंभर ऑक्टेन घालणाऱ्या त्या काकांना मला एकदा भेटायचंय. सुख नक्की कशात असतं हे त्यांना समजलेलं दिसतंय.

आमच्या बाबांचं म्हणणं, पेट्रोल ते पेट्रोल. त्यांनी पद्मिनी चालवली, चेतकमध्ये ऑइल मिसळून पेट्रोल भरलं, त्यांना हे सगळं थेर वाटतं. त्यांना मी जे सांगितलं तेच इथे सांगतो. ऑक्टेनचा आकडा म्हणजे दाब आणि उष्णता सोसून, ठिणगीची ज्योत पोचेपर्यंत गप्प बसण्याची पेट्रोलची तयारी. आयसो-ऑक्टेन नावाच्या द्रवाला शंभर गुण दिलेत, एन-हेप्टेनला शून्य, आणि आपलं पेट्रोल या दोघांच्या कोणत्या मिश्रणासारखं वागतं ते चाचणीच्या इंजिनात बघून आकडा ठरतो. आकडा वाढला म्हणून लिटरमधली ऊर्जा वाढत नाही. ताकद वाढते ती इंजिननं त्या तयारीचा फायदा घेतला तर: दाब वाढवला, किंवा ठिणगी जरा आधी टाकली. इंजिनला तेवढं धाडसच करायचं नसेल, तर पेट्रोल कितीही सोशिक असो, उपयोग नाही. बाबा म्हणाले, "म्हणजे तुझ्या गाडीला गरज आहे की नाही?" नेमका हाच प्रश्न पंपावर कुणी विचारत नाही. तिथे विचारतात, "प्रीमियम टाकू का?"

मग मोजायचं ठरवलं. माझ्या गाडीत १.२ लिटरचं टर्बो, डायरेक्ट इंजेक्शन इंजिन आहे, कंपनीच्या आकड्यानुसार १०५ पीएस आणि १७५ न्यूटन-मीटर. त्याला नॉक सेन्सर असतो. पेट्रोल वेळेआधी भडकायला लागलं (यालाच नॉकिंग म्हणतात) की सेन्सर ऐकतो आणि संगणक ठिणगी मागे ओढतो, म्हणजे उशिरा टाकतो, तीही सिलिंडरनिहाय. गाडीच्या संगणकाशी जोडायच्या ओबीडी सॉकेटात डोंगल खोचलं की ठिणगी किती अंश मागे ओढली ते फोनवर दिसतं; आकडा जितका मोठा, तितकी ठिणगी उशिरा. माझ्या मते गाडी चांगली पळते का, पिकअप वाढला का, हे ढुंगणाला विचारण्यापेक्षा या आकड्याला विचारावं. एकशे साठ रुपये मोजून आलेल्या माणसाचं ढुंगण नेहमी 'वाढला' असंच सांगतं.

जागा एकच ठेवली. शिंदेवाडीकडून कात्रजच्या नव्या बोगद्याकडे चढतो तो रस्ता. तिसरा गिअर, २,००० ते ४,००० आरपीएम, पूर्ण ॲक्सिलरेटर, गाडीत मी एकटा. नोंद फोन आपोआप करतो, मी रस्त्याकडे बघतो. एकदा जानेवारीत सकाळी सात वाजता आणि एकदा मेमध्ये दुपारी दोन वाजता, जेव्हा डांबर मऊ झालेलं असतं आणि ट्रकवाले सावली शोधून थांबलेले असतात. प्रत्येक पेट्रोल बदलल्यावर मोजायच्या आधी शंभरेक किलोमीटर गाडी चालवली. कारण संगणक ठिणगी मागे घेतो झटकन, पण पुढे सोडतो जपून, थोडी थोडी. टाकी भरून पंपाच्या फाटकातून बाहेर पडतानाच ज्यांना फरक जाणवतो, त्यांच्या टाकीपासून इंजिनापर्यंतच्या नळीत अजून जुनंच पेट्रोल असतं.

मूळ, म्हणजे कंपनीतून आली तशाच गाडीचे आकडे असे आले. जानेवारीच्या थंडीत साधं पेट्रोल: दीड अंश, तोही एकाच सिलिंडरवर. शंभर: शून्य. मेच्या दुपारी साधं: चार-साडेचार अंश. ९५ वालं प्रीमियम: साधारण तेवढंच, पाव-अर्धा अंश इकडे तिकडे. शंभर: चारही सिलिंडरवर शून्य, एखाद्या वेळी पाऊण. फोनवर ती सरळ रेष बघताना मला फार बरं वाटलं हे कबूल करतो. पण त्या सरळ रेषेनं बोगद्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ जानेवारीत बदललाच नाही आणि मेमध्ये इतका थोडा बदलला, की पुढे एक टेम्पो आला असता तर तो फरकही गेला असता.

९५ आणि साध्यात फरक का नाही, हे मला आधी कळेना. मग लक्षात आलं. आता साध्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, आणि इथेनॉल स्वतः चांगलंच सोशिक आहे. त्याचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा वर, शिवाय बाष्प होताना ते सिलिंडर थंड करतं. म्हणजे कोल्हापूरकडे आमचा मामा जो ऊस कारखान्याला घालतो, त्यातला थोडा माझ्या टाकीत येऊन नॉकिंग कमी करतो. साधं पेट्रोल म्हणजे ९१, असं जे आपल्या डोक्यात बसलंय ते आता जुनं झालं. माझ्या गाडीपुरतं तरी, मधल्या प्रीमियमला जास्तीचे आठ-दहा रुपये द्यायचं कारण मला नोंदींत सापडलं नाही. त्यात साफसफाईची रसायनं असतात हे खरं, आणि ती इंजेक्टरला लाभतही असतील. पण डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवरून जातच नाही. तिथला कार्बन कुठल्याही पेट्रोलनं धुतला जाणार नाही. तो हातानंच खरवडावा लागतो, आणि त्याचं बिल वेगळं.

इथवर मी निकाल देऊन टाकला होता: मूळ गाडीला शंभर घालणं म्हणजे हौस. हौसेला मोल नसतं, पण मायलेज असतं. ते पुढे सांगतो.

मग मी गाडी रिमॅप केली, म्हणजे ताकद वाढावी म्हणून इंजिनच्या संगणकातला प्रोग्रॅम बदलून घेतला.

पहिला अनुभव वाईट होता. नाव लिहीत नाही. एका ठिकाणी स्टेज वन, म्हणजे रिमॅपची पहिली पायरी, करून घेतलं, लॅपटॉप लावून चाळीस मिनिटांत काम झालं. "साध्या पेट्रोलवर बिनधास्त पळवा" असं तोंडभरून सांगण्यात आलं. गाडी पळाली, खोटं बोलणार नाही. दुसऱ्याच रविवारी लवासाच्या चढावर ईपीसीचा (इंजिनच्या नियंत्रणात बिघाड असल्याचा) दिवा लागला आणि गाडीनं मान टाकली. शेजारी बायको, मागे तिची आई. गाडी बंद करून पुन्हा चालू केल्यावर दिवा गेला, पण सासूबाईंनी परत येईपर्यंत वरची कडी सोडली नाही. घरी येऊन नोंद बघितली तर तिसऱ्या सिलिंडरवर नऊ अंश. नऊ! ठिणगी इतकी मागे ओढली की मिश्रण उशिरा जळतं, उष्णता पिस्टनला ढकलण्याऐवजी एक्झॉस्टमधून टर्बोत जाते. रिमॅपनं दिलेली ताकद नॉक सेन्सर परत काढून घेत होता आणि वर टर्बो भाजून निघत होता. दिवा नेमका कशानं लागला हे शोधून सांगायचीही त्या ठिकाणी कुणाची तयारी नव्हती.

दुसऱ्या ट्यूनरकडे गेलो. वयानं माझ्यापेक्षा मोठे, सगळे त्यांना दादाच म्हणतात. त्यांनी लॅपटॉप उघडलाच नाही. आधी विचारलं, "पेट्रोल काय घालणार?" मी ऐटीत म्हणालो, शंभर. ते म्हणाले, "रोज काय घालणार ते सांग. रविवारचं नको सांगूस."

या एका वाक्याची किंमत मी त्यांना दिलेल्या पैशांइतकी धरतो. कारण त्यांनी पुढे जे समजावलं ते असं: बहुतेक गाड्यांचा संगणक नकाशात, म्हणजे ठिणगी कधी टाकायची त्याच्या तक्त्यात, लिहिलेल्या टायमिंगच्या मागे जातो, पुढे जात नाही. नकाशा साध्या पेट्रोलसाठी लिहिला तर शंभर घालूनही तुम्हाला नकाशात आहे तेवढंच मिळणार. नकाशा शंभरसाठी लिहिला तर महाड, चिपळूण, सावंतवाडी, जिथे शंभर मिळतच नाही, तिथे साधं घालून रोज त्या सेन्सरच्या जिवावर गाडी हाकणार. सेन्सर हा सुरक्षेचा पट्टा आहे, त्याला लोंबकळत प्रवास करायचा नसतो. आम्ही मधला मार्ग काढला. ९७ च्या आसपास धरून नकाशा लिहिला, खालच्या आरपीएमला बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) जरा हळू चढेल असा ठेवला. सात गिअरच्या कोरड्या क्लचच्या डीएसजीवर (माझ्या गाडीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवर) दया म्हणून टॉर्कही आवरता घेतला.

आता शंभरला काम मिळालं. नव्या नकाशावर मेच्या दुपारी साधं पेट्रोल साडेपाच-सहा अंश मागे जात होतं. नुसतं शंभर: पाऊण ते दीड. आणि बोगद्यापर्यंतचा फरक या वेळी फोन न बघता कळला. चौथ्यातून तिसऱ्यात न उतरता ट्रक मागे पडला. पण खरी गंमत तिसऱ्या प्रयोगात होती: निम्मं साधं, निम्मं शंभर. दोन पेट्रोल मिसळली की ऑक्टेन साधारण मध्येच कुठेतरी पडतो, त्यात काही जादू नाही. या मिश्रणावर दोन-अडीच अंश आले. म्हणजे अर्ध्या जादा पैशात जवळजवळ सगळं काम. थंडीत तर निम्म्याचीही गरज लागली नाही, साध्यावर दोन अंशांच्या आत राहिली.

म्हणून आता माझी पद्धत ठरलीय. एप्रिल, मे आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात घाटाचा बेत असेल तर आदल्या दिवशी अर्धी टाकी शंभर. बाकी वर्षभर ऑफिस, मंडई, मुलीचा क्लास, सिंहगड रोडचं ट्रॅफिक, या सगळ्याला साधं. सिग्नलला उभ्या गाडीत शंभर ऑक्टेन जाळताना मला फार अपराधी वाटतं. ते बिचारं सोसायला तयार, आणि सोसायला काहीच नाही.

मायलेजबद्दल. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश, त्यामुळे वीस टक्के मिसळलं की हिशोबानं सहा-सात टक्के घट यायला हवी. माझ्या वहीत शहरात साध्यावर ११.८ आणि शंभरवर १२.६ पडतंय, म्हणजे हिशोब जुळला. यात ऑक्टेनचं श्रेय थोडं, इथेनॉल नसण्याचं जास्त. पण किलोमीटरला साध्याचे पावणेनऊ-नऊ रुपये आणि शंभरचे पावणेतेरा, तेव्हा 'मायलेजमधून पैसे वसूल' म्हणणाऱ्याला गणिताच्या सरांकडे परत पाठवावं.

शंभरमध्ये इथेनॉल नसतं हे मी ऐकलं होतं, पण स्वतः बघितल्याशिवाय चैन पडेना. शाळेतली असते तशी मापाची काचेची नळी आणली. गच्चीत, उघड्यावर, आसपास काही पेटतं नाही अशा जागी (आणि घरात सगळे झोपलेले असताना) १० मिलि पाणी आणि ९० मिलि पेट्रोल घालून हलवलं, ठेवलं. इथेनॉल पाण्याकडे पळतं, त्यामुळे ते असेल तर खालचा पाण्याचा थर फुगतो. साध्याचा थर १० वरून २७ वर गेला. शंभरचा १० वरच राहिला. माझी गाडी ई२० साठी, म्हणजे वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी, बनलेली नाही. शिवाय पावसाळ्यात कामानिमित्त ती कधी कधी महिनाभर उभी असते, तेव्हा दमट हवेतलं पाणी ओढणारं पेट्रोल टाकीत नको वाटतं. तर जूनमध्ये गाडी उभी करण्याआधीची शेवटची टाकी शंभरची असते. नकाशा बाजूला ठेवला तरी हा उपयोग मला पटतो. जुनी कार्ब्युरेटरची गाडी किंवा बाइक हौसेनं जपणाऱ्यांना तर ऑक्टेनपेक्षा हाच जास्त पटेल.

ग्रुपमधल्या मित्रांना शंभरही पुरत नाही. एक जण मध्यंतरी मागे लागला होता की बारामतीला विमानं शिकवतात, तिथून कुणाकरवी विमानाचं निळं पेट्रोल मिळतंय का बघू. ते निळं म्हणजे ॲव्हगॅस १००एलएल. त्यातलं 'एलएल' म्हणजे कमी शिसं. पण कमी म्हणजे विमानाच्या भाषेत कमी. आपल्याकडे गाड्यांचं शिसंयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं, ते उगीच नाही. विषाचा भाग सोडा, ते शिसं धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर दोन्ही निकामी करतं. एका क्वार्टर माइलच्या सरळ शर्यतीसाठी हा खर्च कुणी करू नये. दुसऱ्यानं ऑक्टेन बूस्टरची बाटली मागवली, वर लिहिलेलं 'तीस पॉइंट वाढ'. त्याला वाटलं ९५ चे १२५ होणार. त्या धंद्यात दहा पॉइंट म्हणजे एक आकडा. तीन आकड्यांसाठी त्यानं बाटलीला जे मोजले, तेवढ्यात शंभरची निम्मी टाकी आली असती, आणि वर प्लगवर विटकरी रंगाचा थर बसला तो वेगळाच.

थिनरमधलं टोल्युइन घालणारेही असतात. त्यांचा आधार १९८८ ची फॉर्म्युला वन. तेव्हा होंडाच्या टर्बो इंजिनात ८४ टक्के टोल्युइन जाळलं जायचं, हे खरं आहे, आणि त्या इंजिनवर मॅक्लारेननं सोळापैकी पंधरा शर्यती जिंकल्या हेही खरं. पण उरलेले १६ टक्के काय होतं ते कुणी सांगत नाही. एन-हेप्टेन! ज्याला ऑक्टेनच्या मोजणीत शून्य गुण आहेत तेच. नियमानं ऑक्टेन १०२ च्या वर जायला बंदी होती, म्हणून मुद्दाम आकडा खाली आणायला ते घातलेलं. जगातल्या सगळ्यात वेगवान गाडीला १०२ पुरले. शिवाय ते सहजी बाष्प न होणारं इंधन नीट जळावं म्हणून आधी तापवायची सोय त्यांच्याकडे होती, इंजिन दर शर्यतीनंतर उघडणारे लोक होते. आपल्याकडे सर्व्हिसची तारीख मिळायला आठवडा लागतो.

विकत घेण्याबद्दल एवढंच सांगतो. शंभर जिथे कमी खपतं तिथे ते टाकीत किती दिवस पडून आहे, हे मी सरळ विचारतो. पेट्रोलमधले हलके घटक उडून गेले की सकाळी गाडी चालू व्हायला कुरकुर करते. एका पंपावर मॅनेजरनं या प्रश्नाचा राग धरला, तिथे पुन्हा गेलो नाही. दुसऱ्यानं टँकर कधी आला ती नोंद काढून दाखवली, घनताही मोजून दाखवली आणि चहा विचारला. मी तिथेच जातो, अकरा किलोमीटर. माप आणि भेसळ तपासायला पाच लिटरचं माप आणि फिल्टर पेपर प्रत्येक पंपावर मागता येतात, पण एकशे साठ रुपये मोजणारी माणसं ते मागायला लाजतात, असं तो म्हणाला.

गच्चीतल्या प्रयोगानंतर डब्यात अर्धा-पाऊण लिटर शंभर उरलं होतं. पोलो खाली लांब लावलेली, आईची ॲक्टिव्हा जिन्याशीच. त्यात ओतलं. दुसऱ्या दिवशी आई भाजी घेऊन आली आणि हेल्मेट काढत म्हणाली, "गाडीला काय केलंस रे? आज जरा जड चालत होती." टायरमध्ये हवा कमी होती.